मधल्या मजल्यावरची पिवळी वायर

माझ्या सुनेची नोकरी मी हातभर लांबीच्या एका पिवळ्या वायरीने जवळजवळ घालवली होती. हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण आमचे हे सांगतात तेव्हा त्यात मी रडले होते असंही येतं. मी रडले नव्हते. डोळ्यांत घाम गेला होता.

ग्वाल्हेरला नई सडकेच्या मागच्या गल्लीत आमचं तीन मजली घर आहे. रुंदीला एक खोली, उंचीला तीन. भिंती दगडाच्या, दीड हात जाड, आणि छतालाही दगडाच्याच पाट्या. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. घर बांधणाऱ्याने तोफेच्या गोळ्याचा विचार केला असावा. वायफायचा केला नव्हता. इंटरनेटचा डबा, म्हणजे राऊटर, खाली बैठकीत. सून ऋतुजा हिची खोली सगळ्यात वर. तिच्या खोलीत नेट पोचेपर्यंत त्याचा जीव निघून गेलेला असायचा.

ऋतुजा पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या कंपनीने तिला एक महिना घरून काम करून बघायची परवानगी दिली होती. महिनाअखेर, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, तिला परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर व्हिडिओवर बोलायचं होतं. ते नीट झालं तर ग्वाल्हेरहून काम करायची कायमची मुभा. नाही झालं तर परत पुणे. आणि ती पुण्याला गेली की आमचा मुलगा मंदारही इथल्या कॉलेजातली नोकरी सोडून तिकडे जाणार, हे कोणी बोललं नव्हतं, पण आम्ही दोघं रात्री जेवताना न बोलता तेच चघळत होतो.

पोरगी तक्रार करणारी नव्हती. लॅपटॉप घेऊन मधल्या जिन्यात चौथ्या पायरीवर बसायची, कारण तिथे नेट मिळायचं. एक दिवस भाजीवाल्याने दारातून तिला पाहिलं आणि मला विचारलं, "माताजी, बहू को कमरा नहीं दिया क्या?"

त्याच दिवशी दुपारी मी इंदरगंजला गेले आणि दोन नवे राऊटर घेऊन आले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हमारा आदमी आके लगा देगा."

"लगा हम लेंगे," मी म्हटलं.

मी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलंय. आमच्या घरी मिक्सर-इस्त्री मीच दुरुस्त करते, पंख्याचा कंडेन्सरही मीच बदलते. कागदावर आकृती असेल तर जगातली कुठलीही गोष्ट जोडता येते, असं माझं तेव्हा मत होतं.

सोमवारी मी कामाला लागले. हे जिन्याच्या कठड्यावरून निळी केबल खाली सोडत होते आणि मी खालून ओढत होते. ऋतुजा चहा घेऊन आली आणि डब्यांकडे बघत उभी राहिली.

"आई, जोडणी एकदा मी बघू का?"

"तू बस. नवी आहेस अजून."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आई, मला वाटतं यातली एक सेटिंग..."

"अगं, बत्तीस वर्षं गणित शिकवलंय मी."

मग ती कप उचलून गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी तेव्हा आदर समजले.

आणि संध्याकाळी नेट सुरू झालं. एक डबा मधल्या मजल्यावर काचेच्या कपाटामागे, दुसरा तिच्या खोलीत. मी फोन हातात घेऊन तळापासून गच्चीपर्यंत चालत गेले. सगळीकडे नेट. हे म्हणाले, "सुमन, मान गए भई." लग्नाला चौतीस वर्षं झाली, हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकलं. (पहिल्यांदा गॅस शेगडीच्या वेळी.) तेव्हाच थांबायला हवं होतं.

डब्याबरोबर एक छोटी पिवळी वायर आली होती. तिचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं, म्हणून हरवू नये एवढ्यासाठी मी तिचं एक टोक मधल्या डब्याच्या एका भोकात खोचून ठेवलं होतं. दुसरं टोक लोंबत होतं.

मंगळवारी मंदार सकाळीच परीक्षेच्या ड्यूटीवर गेला. तिथे फोन बंद ठेवावा लागतो. ऋतुजा साडेनऊपासून वर तयारी करत होती. मी विचार केला, आज घर टापटीप दिसावं. फडकं घेऊन मधल्या मजल्यावर आले, कपाटामागे पाहिलं तर ते पिवळं टोक लोंबतंय, आणि त्याच डब्यात शेजारी एक भोक रिकामं. मोकळं टोक आणि रिकामं भोक एका जागी दिसलं की गणिताच्या माणसाला राहवत नाही. मी ते टोक त्या भोकात बसवलं. टक् असा छान आवाज आला. डब्यावरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. मला वाटलं, चला, आता पूर्ण ताकदीने चालेल.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

सव्वादहाला वरून आवाज आला, "आई, नेट गेलं का?"

"बघते," मी म्हटलं.

खाली गेले. बैठकीतल्या डब्यावरचे दिवेही तसेच पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. टीव्ही चालेना, माझ्या फोनवरचं नेट चालेना. मी यांना हाक मारली, "अहो, तिन्ही डबे बंद करून चालू करा."

हे तीन मजले चढले, तीन मजले उतरले. डबे सुरू झाले, अर्धा मिनिट नेट आलं, आणि पुन्हा गेलं. पुन्हा हे चढले, पुन्हा उतरले. पुन्हा अर्धा मिनिट. तिसऱ्या फेरीला हे मधल्या जिन्यात बसले आणि म्हणाले, "सुमन, इंदरगंजच्या त्या माणसाला फोन लाव ना. इज्जत का सवाल नहीं है."

"इज्जतीचाच आहे," मी म्हटलं.

साडेदहा वाजले. वरून ऋतुजा खाली येऊ लागली. "आई, मी बघते ना."

"तू खाली येऊ नकोस. तू तयारी कर. मी करते."

मी मधल्या मजल्यावर आले. तिच्याकडे न बघता कपाटामागे तोंड घातलं. डब्याच्या पाठीवर एक बारीक भोक होतं आणि त्यावर रीसेट लिहिलेलं होतं. रीसेट म्हणजे पहिल्यासारखं करणं, असा मी अर्थ लावला. अर्थ बरोबर होता. फक्त पहिल्यासारखं म्हणजे काल संध्याकाळसारखं, असं मला वाटलं. डब्याला ते कारखान्यातून निघाला त्या दिवसासारखं वाटलं. साडीपिन काढली आणि मधला डबा टोचला. काही झालं नाही. मग खाली जाऊन बैठकीतला मुख्य डबाही टोचला.

तो दोन मिनिटांनी जागा झाला तेव्हा त्याला आमचं नाव, पासवर्ड, कनेक्शन, काहीच आठवत नव्हतं. लाल दिवा लावून गप्प बसला. ते सगळं भरायला इंटरनेट कंपनीचा माणूस लागतो, हे मला फोनवरच्या बाईने सांगितलं. "आज शाम तक आ जाएगा, मॅडम."

पावणेअकरा झाले होते.

मी जिना चढले. आयुष्यात शाळा तपासायला आलेल्या साहेबांना मी घाबरले नाही, पण त्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या दाराशी मी पदर सारखा करत थांबले. ऋतुजा साडी नेसून, केस बांधून, नेट नसलेल्या लॅपटॉपसमोर बसली होती. काल इस्त्री केलेली साडी. मी म्हटलं, "ऋतुजा, माझ्या हातून बिघडलं गं."

तिने माझ्याकडे पाहिलं. चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "बाबांच्या फोनवर गच्चीत रेंज असते ना? चला."

शेजारच्या शर्माजींकडे जावं तर त्यांच्याकडे लाउडस्पीकर लावून अखंड रामायण बसलं होतं, म्हणजे चोवीस तास पाठ. तेव्हा गच्चीच. मे महिना, सकाळचे अकरा, आणि ग्वाल्हेरचं ऊन. दगड पायाला चटके देत होता. पाण्याच्या टाकीच्या चार हात सावलीत स्टूल ठेवलं, त्यावर लॅपटॉप, समोर उलट्या बादलीवर सून. यांच्या फोनवरून हॉटस्पॉट लावला. फोन खाली ठेवला की रेंज जाई, कठड्याशी उंच धरला की येई. म्हणून हे उजवा हात आकाशाकडे करून टाकीला लागूनच्या कठड्याशी उभे राहिले. पाठीमागे टाकीवरचा शेवाळाचा डाग दिसत होता, म्हणून मी पलंगावरची पांढरी चादर दोन्ही हातांनी तिच्यामागे ताणून धरली.

अकराला दोन मिनिटं असताना ती लोकं पडद्यावर आली आणि ऋतुजा हसून इंग्रजीत बोलायला लागली. मला शब्द कळत नव्हते असं नाही, पण माझं सगळं लक्ष चादरीला सुरकुती पडू नये याकडे होतं.

दहा मिनिटं गेली. शर्माजींच्या लाउडस्पीकरवर नवीन गायक बसला आणि त्याचा आवाज एकदम चढला. मी चादरीमागून मान काढून त्यांच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या शर्माइनला खुणावलं, आवाज कमी करा. दोन्ही हात अडकलेले, म्हणून भुवयांनी. ती म्हणाली, "हां हां भाभीजी, प्रसाद भिजवा देंगे." मी प्रसाद पाठवा म्हणतेय असं तिला वाटलं.

मग यांचा हात दुखायला लागला. हात एक वीत खाली आला की ऋतुजाचा चेहरा पडद्यावर दगडासारखा गोठे. मी दात आवळून पुटपुटले, "अहो, वर."

"कितना वर?" हे तोंड न हलवता म्हणाले.

अर्धा तास झाला आणि यांनी माझ्याकडे घाबरून पाहिलं. फोन तापला होता. आता बंद होईन, असं त्याने लिहून दाखवलं. मी चादरीचं एक टोक दातात धरलं, एक कोपराखाली दाबलं, आणि मोकळ्या झालेल्या हाताने यांच्यासाठी आणून ठेवलेल्या थंड ताकाचा स्टीलचा पेला उचलून फोनच्या पाठीला टेकवला. पुढची पंधरा मिनिटं आम्ही नवरा-बायको तसेच उभे होतो. घाम डोळ्यांत जात होता तो तेव्हाच. ऋतुजा एकदाही मागे वळली नाही. आवाज एकदाही कापरा झाला नाही.

मीटिंग संपली. तिने लॅपटॉप मिटला आणि थेट खाली गेली. आम्ही तिच्यामागे. मधल्या मजल्यावर कपाटामागे वाकून तिने पाहिलं, दोन बोटांनी ती पिवळी वायर उपसून काढली आणि माझ्या हातात दिली.

"आई, हिची दोन्ही टोकं एकाच डब्यात होती."

"मग?"

"मग डब्याने पाठवलेला निरोप फिरून त्याच डब्याकडे येतो. तो पुन्हा पाठवतो. पुन्हा येतो. त्या गोंधळात बाकी कुणाला बोलायला जागाच उरत नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन खिडकीबाहेर बघायला लागले.

"तुला कसं गं कळलं इतक्यात?" मी विचारलं.

"आई, मी नेटवर्कचंच काम करते." ती जरा थांबली. "आज त्यांना हेच समजावत होते. त्यांच्या ऑफिसातलं नेटवर्क बंद पडू नये म्हणून काय करायचं, ते."

मी खाली बसले. सहा महिन्यांपूर्वी साखरपुड्यात कोणीतरी विचारलं होतं, सून काय करते. मी म्हटलं होतं, कंप्युटरमध्ये आहे. तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांना तेच सांगत होते. म्हणजे नेमकं काय, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"मग काल सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगायला आले होते," ती म्हणाली. मग हसू दाबत म्हणाली, "पण तुमचा अनुभव बत्तीस वर्षांचा, माझा सातच."

संध्याकाळी कंपनीचा माणूस यायच्या आधीच तिने फोनवर त्या लोकांना आकडे विचारून मुख्य डबा सुरू केला. बाकीचे दोन तिने वीस मिनिटांत बसवले. मी शेजारी वेताच्या बुटक्या मोड्यावर बसून बघत होते, आणि या वेळी तोंड बंद ठेवून. तिने मला एकेक गोष्ट समजावून सांगितली. शिकवते छान. घाई करत नाही, आणि विद्यार्थ्याला मूर्ख म्हणत नाही. हे मला बत्तीस वर्षांत नेहमी जमलं होतं असं नाही.

साडेसातला तिच्या साहेबाचा फोन आला. ती बोलत बोलत जिन्यात गेली. आम्ही दोघं खाली बैठकीत, टीव्हीचा आवाज बंद करून. मंदारही आला होता. तो दाराशी चप्पल न काढता उभा. ती परत आली आणि म्हणाली, "झालं. इथूनच काम करायचं." हे उठले आणि दुखऱ्या हातानेच तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी स्वयंपाकघरात गेले. शिरा करायचा होता म्हणून गेले. लगेच काही केला नाही. थोडा वेळ ओट्याला धरून उभी राहिले.

मागच्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा इंदूरहून फोन आला. त्यांच्याकडे नवा राऊटर बसवला आणि सगळं नेट बंद, दोन माणसं येऊन बघून गेली, कोणाला काही कळेना. मी म्हटलं, "डब्यांच्या मागे बघ. एखाद्या वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात आहेत का?" ती गेली, आली, आणि म्हणाली, "ताई, होती गं! काढली आणि लगेच सुरू झालं. दोन मेकॅनिकना जे कळलं नाही ते तुला इथे न येता कसं कळलं?"

ऋतुजा समोरच बसली होती. ती ऐकतेय हे मला दिसत होतं.

"अभ्यास लागतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.