वाळू नसलेला किनारा

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या. ही मात्र नाही. वडील कामासाठी सिंगापूरला आले, मी इथेच वाढलो आणि इथल्याच पोलिसांत लागलो. दोन हजारच्या दशकात मी बुकित तिमाह भागात तपास अधिकारी होतो.

एका सकाळी एक मराठी काकू ठाण्यावर आल्या. पुण्यात शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, बँकेत असलेल्या मुलाकडे राहायला आलेल्या. मुलगा सोबत होता. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं, असं त्याचं म्हणणं. काकूंचं म्हणणं एवढंच, की त्यांच्या कॉन्डोतले, म्हणजे गृहसंकुलातले, वृद्ध इंग्रज शेजारी बरेच दिवस दिसले नाहीत, आणि त्या शेजाऱ्यांचा मुलगा म्हणतो ते गावी परत गेले.

काकू आणि ते गृहस्थ रोज संध्याकाळी खाली बाकावर बसत. गृहस्थ आपल्या गावाबद्दल बोलत. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं छोटंसं गाव. आधी नुसती कोळ्यांची वस्ती. मग रेल्वे आली, तिच्यामागून समुद्रस्नानाला शहरी लोक, त्यांच्यासाठी हॉटेलं आणि समुद्रात शिरणारा लाकडी धक्का. पुढे धक्का वादळात मोडला, रेल्वे बंद पडली, कोळी तेवढे राहिले. माणसं अबोल, परक्याला चटकन घरात न घेणारी. पण समुद्रात कुणी अडकलं की बचावनौका ढकलायला सगळं गाव खाली धावायचं. किनाऱ्याला वाळू नावाला नाही, नुसते गोटे. लहानपणी तळपाय सोलून निघायचे, असं ते हसत सांगत.

"आत्ता तिथे थंडी. थंडीत ते गाव बंदच असतं, साहेब. आणि मला न सांगता ते जाणार नाहीत," काकू म्हणाल्या.

घरच्यांची तक्रार नव्हती. तरी सार्जंटला घेऊन मी त्या फ्लॅटवर गेलो. त्या गृहस्थांचा मुलगा चाळिशीचा, नीटनेटका, इथेच वाढलेला. त्याने चहा केला. वडील मजेत आहेत म्हणाला. रोज सकाळी वाळूत अनवाणी फिरतात, कालच फोनवर सांगत होते. न विचारलेला तपशील माणूस आपणहून देतो, तेव्हा तो बहुधा नुकताच रचलेला असतो.

खाली येऊन इमिग्रेशनला फोन केला. दुपारी उत्तर आलं, त्यांनी देश सोडल्याची नोंद नाही. पुन्हा वर गेलो, या वेळी झडतीच्या तयारीने. वडील कुठे आहेत, असं मुलाला विचारलं. त्याची नजर स्वयंपाकघराशेजारच्या बॉम्ब शेल्टरकडे गेली. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये अशी जाड भिंतींची, पोलादी दाराची खोली असते. लोक तिच्यात अडगळ ठेवतात.

दाराला बाहेरून कुलूप होतं. उघडलं, तर आत गादीवर ते बसले होते. जिवंत. उजेडाने त्यांनी डोळे झाकून घेतले. सकाळी मी चहा पीत बसलो होतो, ती खुर्ची दारासमोरच होती. सार्जंटने अँब्युलन्स बोलावली.

फ्लॅट विकून त्यांना शेवटचे दिवस गावी काढायचे होते. मुलाला ते नको होतं. एवढंच कारण.

हॉस्पिटलमध्ये जबाब घ्यायला गेलो, तेव्हा दुसरा धक्का बसला. ते शांतपणे म्हणाले, "मी स्वतःच आत गेलो होतो. मुलाची काही चूक नाही." पुन्हा पुन्हा विचारलं, तेच उत्तर.

काकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते बाप आहेत, तसंच म्हणणार. तुम्ही पोलीस आहात, तुम्ही पाहिलं ते लिहा."

मी तेच लिहिलं. मुलाला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी ते म्हातारे गृहस्थ कोर्टात आले आणि मुलाच्या वकिलामागे जाऊन बसले.

आरोपी खोटं बोलतो, हे नोकरीच्या पहिल्याच वर्षात कळतं. ज्याच्यावर गुन्हा झाला तोच आरोपीसाठी खोटं बोलेल, हे मला त्या जबाबाने शिकवलं. तेव्हापासून घरातल्या गुन्ह्यात मी माणसांचं ऐकून घेतो, पण त्याआधी दारं पाहून घेतो.