डेपोचं ग्रीस

घरातून बाहेर पडताना ती आधी वर आभाळाकडे बघायची, मग रस्त्याकडे. शिवताना टाचण्या दातांत धरून बोलायची आणि समोरच्याला कळलं नाही की त्याच्यावरच वैतागायची. दुसऱ्यानं मारलेली गाठ तिला चालायची नाही. ती कचऱ्याच्या पिशवीची का असेना, सोडून पुन्हा मारायची. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघून वारा कुठून आहे ते सांगायची. कुणी विचारलेलं नसायचं. चहा उभ्यानं प्यायची. आणि राग आला की तिचं बोलणं वाढायचं नाही, आटायचं. वाक्यांची अर्धी वाक्यं व्हायची, अर्ध्या वाक्यांचे शब्द. शब्दही संपले की समजावं, आता भांडी आपटणार.

त्या आठवड्यात ती शब्दांवर आली होती.

धक्क्यावर तिला सगळे शिडवाली म्हणत. तेहतीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या बोटींची शिडं शिवली. गोदामावरची एक लांबलचक खोली, खाली गुळगुळीत लाकडी जमीन, आणि जमिनीत खड्डा करून त्यात बसवलेलं मशीन. ती खड्ड्यात पाय सोडून बसायची आणि भोवती शीड पसरलेलं असायचं. बोटी तिची शिडं घेऊन जायच्या आणि फाटकी परत आणायच्या. फाटल्याच्या जागेवरून ती सांगायची, तिकडे वारा कसा होता. तिची शिडं सगळीकडे जाऊन आली होती. ती कुठेच गेली नव्हती.

एक्कावन्नाव्या वर्षी तिनं आठ मीटरची जुनी बोट घेतली. सहा वर्षं ती दुरुस्त केली. आता तिला एकटीनं समुद्र ओलांडून पलीकडच्या बेटावर जायचं होतं. तेवीस दिवस. कुणी सोबत नको. यावर चर्चा नव्हती.

तिचा नवरा बस डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होता. शेवटची नऊ फोरमन, आणि निवृत्तीनंतरही सगळ्यांच्या तोंडी फोरमनच. त्याला बोट लागायची. धक्क्याला बांधलेल्या बोटीतही लागायची. बोट घेतली त्या वर्षी तो एकदाच बोलला होता, "जायचं तर जा. मला विचारू नकोस." तिनं विचारलं नाही. तेव्हापासून तो प्रवास त्यांच्या घरात न पटणाऱ्या भाडेकरूसारखा राहत होता. जिन्यात भेटायचा, कुणी त्याच्याशी बोलायचं नाही.

एकट्या माणसाला बोटीवर झोपावं लागतं. तो झोपला की सुकाणू कुणी धरायचं, हा सगळा प्रश्न. त्यासाठी तिनं बोटीच्या पाठीमागे एक जुनं यंत्र बसवलं होतं. वीज नाही, इंजिन नाही. वर उभं लाकडाचं एक पातळ पातं, खाली पाण्यात सोडलेलं एक वल्हं. बोट वाट सोडून वळली की वारा पात्याच्या अंगावर येतो आणि पातं कलतं. पातं कललं की वल्हं जरासं वळतं. मग धावतं पाणी त्या वल्ह्याला बाजूला ढकलतं, वल्हं दोर ओढतं, दोर सुकाणूचा दांडा ओढतात आणि बोट पुन्हा वाटेला लागते. इशारा वाऱ्याचा, जोर पाण्याचा.

या यंत्राला ती जावईबापू म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. "तेवढीच हौस," ती म्हणायची. "काम थोडं, मान फार, आणि कधी रुसेल सांगता येत नाही."

आणि जावईबापू रुसले होते.

बोट भरून तयार होती. पाणी, डबाबंद अन्न, नकाशे, औषधं. बंदर कार्यालयाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून नकाशांच्या टेबलाला चिकटवला होता. वीस तारखेपर्यंत निघालं तर वाटभर वारा बाजूनं मिळणार होता. उशीर झाला तर तो वाटेतच उलटतो आणि मग पुढच्या वर्षापर्यंत तोंडावर येतो. पुढच्या वर्षी ती अठ्ठावन्नची झाली असती. एवढं काही नाही. पण डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, आणि ते तिनं फक्त सुईला सांगितलं होतं. फोरमनला ते सुई ओवायला लागणाऱ्या वेळावरून कळलं होतं.

सोमवारी सकाळी ती चाचणीला बाहेर गेली. मंद वारा होता. यंत्र जोडून तिनं दांड्यावरचा हात काढला. बोट थोडा वेळ सरळ गेली, मग सापासारखी जायला लागली, मग गर्रकन वळून वाऱ्याला तोंड देऊन उभी राहिली. शिडं फडफडली. धक्क्यावरच्या राखणदारानं ते सगळं पाहिलं. त्याच्या गळ्यात कायम दुर्बीण असायची, म्हणून त्याचं नावच दुर्बीण.

"वहिनी, आज जावई दारातूनच परत आला," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे न बघता बोटीचा दोर बांधला.

मंगळवारी तिनं दोर बदलले. ढिले दोर ताण खातात, म्हणून नवे, न ताणणारे घातले. बुधवारी कप्प्या तपासल्या, एक काढून दोराची वाट सरळ केली. गुरुवारी पात्याचं वजन तोललं आणि मोठं शीड लहान केलं. कधी कधी दोष यंत्राचा नसतो, शीड जास्त असलं की बोटच वाऱ्याकडे ओढ घेते. रोज सकाळी ती बाहेर जायची, रोज बोट वळून उभी राहायची. रोज दुपारी धक्क्याला येऊन ती यंत्र हातानं हलवून बघायची तर ते लोण्यासारखं फिरायचं. पूर्वी कधी फिरलं नव्हतं इतकं छान. घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नव्हतं.

फोरमन रोज डबा घेऊन यायचा आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यावर बसायचा. बोटीवर चढायचा नाही.

"सकाळी बिघडतं आणि दुपारी नीट होतं," गुरुवारी तो म्हणाला. "असा एक ड्रायव्हर होता आमच्याकडे."

"गप्प बसा."

"वारा कमी असेल तेव्हाच होतं का?"

"हो."

"मग कुठेतरी जड जातंय. हाताला नाही कळणार. हाताला जोर असतो, वाऱ्याला नसतो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत या विषयावर तो पहिल्यांदा बोलला होता आणि ते बरोबर होतं. याचाच तिला राग आला.

शुक्रवारी, सतरा तारखेला, तिनं यंत्र पूर्ण उतरवून धक्क्यावर आणलं. खाली जुन्या शिडाचा तुकडा पसरला. वल्ह्याचा दांडा ज्यात फिरतो ते पांढऱ्या प्लास्टिकचे बुश बोटानं ढकलून बाहेर काढले. आत मीठ बसलं असेल, असं तिला वाटत होतं. मीठ नव्हतं. तिचं बोट पिवळट तपकिरी होऊन बाहेर आलं. चिकट. त्यात बारीक वाळू आणि कुठला तरी केस.

या यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, तेल नको, ग्रीस नको, फक्त गोडं पाणी. ग्रीस सकाळच्या गारव्यात घट्ट होतं आणि धूळ, मीठ धरून ठेवतं. हे तिला इतकं पाठ होतं की तिथे बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

तिनं बोट नाकाशी नेलं. हा वास ती एकतीस वर्षं धूत आली होती. सदऱ्यांच्या बाह्यांतून, उशीच्या अभ्र्यातून, दाराच्या मुठीवरून.

"हे काय?"

फोरमननं डब्याचं झाकण बंद केलं. "डेपोचं आहे. चांगल्यातलं."

"कधी?"

"मागच्या रविवारी. तू पुढचं शीड आणायला गेली होतीस तेव्हा."

"तुम्ही बोटीवर चढलात?"

"चढलो."

"विचारलंत?"

"ग्रीस लावायला कुणाला विचारायचं असतं? जे फिरतं त्याला ग्रीस लागतं."

"पाच दिवस," ती म्हणाली. मग तिचे शब्द एकदम परत आले, सगळे एकत्र. "पाच दिवस मी दोर बदलतेय, कप्प्या काढतेय, आणि तुम्ही इथे बसून पोळी खाताय. तोंडाला कुलूप लावून. सहा वर्षं मी पुट्टी घासली, तेव्हा कधी हात लावला नाहीत. जायची वेळ आली तेव्हा बरोबर इथेच हात पोचला? सरळ सांगायचं होतं, जाऊ नकोस म्हणून. हे असलं चोरून कशाला?"

दुर्बीण दूर जाऊन एक दोर गुंडाळायला लागला. तो आधीच गुंडाळलेला होता.

फोरमन उठून उभा राहिला.

"तू जाऊ नयेस असंच मला वाटतं," तो म्हणाला. "काल वाटत होतं, आज वाटतंय. तू तिकडे आडवी झालीस तर मला कळायला महिना लागेल. पण त्यासाठी मी मशीन बिघडवीन? मी?" त्याचा आवाज फाटला. "माझ्या हाताखालून गेलेली एक गाडी रस्त्यात उभी राहिली नाही. भांडलो असेन, उपाशी झोपलो असेन. मशीनवर राग नाही काढला कधी. चोर म्हण, मूर्ख म्हण. हे म्हणू नकोस."

"मूर्खच."

"ते चालेल."

खाली पाणी लाकडाला थापट्या मारत होतं.

"रात्री झोप येत नव्हती मला," तो म्हणाला. "तू झोपलीस की ते एकटंच चालवणार. म्हटलं, निदान त्याला काही कमी पडू नये."

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "गरम पाणी आणा. आणि कपड्यांचा साबण."

"घासलेटनं पटकन निघेल."

"साबण."

ते दोघं संध्याकाळपर्यंत धक्क्यावर बसून बुश घासत होते. बारा बुश, दोन टूथब्रश, एक बादली. तो तिच्यापेक्षा चांगला घासायचा. प्रत्येक बुश उजेडाला धरून आतून बघायचा, मग कापडानं पुसून ओळीनं ठेवायचा. ती त्याची ओळ मोडून पुन्हा लावायची. त्याच्या नाकपुड्या तेवढ्या फुलायच्या.

बारावा झाल्यावर तो घसा खाकरून म्हणाला, "सुटे पण आहेत."

"काय?"

"सुट्या भागांच्या डबीत चार होते. त्यांनाही लावलंय."

"सुट्यांना?"

"करायचं तर नीट करावं."

तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसू होतं की शिवी, ते दुर्बिणीलाही कळलं नाही. ती उठली आणि यंत्र जोडायला लागली. "ते उद्या," ती म्हणाली. "चाचणीच्या आधी मी करते. तुम्ही हात लावू नका. डबीलासुद्धा नाही."

शनिवारी उजाडल्यावर ती आली आणि सुटे बुश घासायला बसली. फोरमन तासाभरानं डबा घेऊन पोचला तेव्हा चारांतले दोन झाले होते, तिसरा तिच्या हातात होता. तेवढ्यात तिनं मान वर केली. धक्क्यासमोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर हलली होती. मंद वारा, बाजूनं. गेले पाच दिवस जावईबापूंना नको असलेला नेमका तोच.

"जाऊन येते," ती म्हणाली आणि बुश बादलीत टाकला.

"दहा मिनिटं लागतील. तेवढे करून जा."

"वारा बसलेला नसतो माझ्यासाठी."

बोट बाहेर गेली. दुर्बिणीनं दुर्बीण डोळ्यांना लावली.

"जोडलं," तो म्हणाला. "हात काढला. सरळ आहे. अजून सरळ आहे."

"पुढे?"

"सरळ. फोरमनसाहेब, वहिनी दांड्याकडे पाठ करून बसल्यात. चहा पितायत बहुतेक."

"बसून?"

"बसून."

फोरमननं हात पुढे केला आणि दुर्बीण मागून घेतली. पातं थोडं कलत होतं आणि पुन्हा उभं राहत होतं. मागे पाण्यात रेघ उमटत होती, पट्टीनं ओढल्यासारखी. त्याला मशीनचा आनंद झाला. मशीनचाच. मग तो तिच्या वळण्याची वाट बघत राहिला. खाडीच्या तोंडाचा खांब आला आणि मागे पडला.

त्याचा फोन वाजला.

"अहो, जावईबापूंनी धरलंय."

"दिसलं. आता वळ."

"नाही वळत."

"म्हणजे?"

"सगळं भरलेलं आहे. कागद आहे. वारा आहे. परत आले की तुम्ही तोंड पाडून खुंट्यावर बसाल, दुर्बीण काहीतरी बोलेल, आणि माझा पाय अडकेल. जाते मी."

"डबा इथे आहे तुझा."

"तुम्ही खा."

"आणि सुटे बुश?" तो ओरडला. धक्क्यावरचे पक्षी उडाले. "सुटे भाग न घेता गाडी बाहेर काढतं का कुणी? तेवीस दिवस. अक्कल आहे का तुला? डेपोत मी दारातून बाहेर जाऊ दिली नसती."

"म्हणून तर," ती म्हणाली. आवाज तुटायला लागला होता. "ते बुश माझे राहिलेत. हात लावू नका. आल्यावर करते."

पुढचं ऐकू आलं नाही. त्यानं दोनदा फोन लावला. मग खिशात ठेवला.

दुर्बीण म्हणाला, "बसा साहेब."

तो बसला नाही. त्याला इतका राग आला होता की डबा कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं. खाली शिडाच्या तुकड्यावर दोन बुश पांढरेशुभ्र होते. चौथ्यावर ग्रीस जसंच्या तसं होतं. तिसरा साबणाच्या पाण्यात तळाशी होता, एका बाजूनं स्वच्छ, आणि त्याच्या भोकात ब्रश तसाच अडकलेला.