आक्काला सांगितलेला कोरियन सिनेमा

माझी मुलगी हल्ली कोरियन मालिका बघते. रविवारी दुपारी जेवणं उरकली की ती एकामागून एक भाग लावते आणि मी शेजारी मटार सोलत बसते. मालिका वाईट नसतात. माणसं एकमेकांना नीट वाढून देतात, मोठ्यांसमोर मान खाली घालतात, आणि दहा भाग मनात ठेवलेली गोष्ट अकराव्या भागात बोलून टाकतात. बोलून टाकली की सगळं जुळून येतं. तेवढं एक मला पटत नाही. मुलीला वाटतं, आईला यातलं काय कळणार. पहिला कोरियन सिनेमा मी तिच्या जन्माआधी पाहिला होता, भुसावळला, नव्वदीच्या सुरुवातीला, आणि शेजारी माझी आक्का होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण, दहा वर्षांनी मोठी. आमचं गाव नरडाण्याजवळ, सुरतेच्या रेल्वेलाइनीला लागून. आई सतत आजारी असायची, म्हणून आक्काची शाळा पहिलीतच सुटली. मी दोन वर्षांची असताना आई गेली आणि घर आक्काच्या अंगावर आलं. माझी वेणी तिने घातली, पाटी-पेन्सिल तिने आणली, शाळेत पहिल्या दिवशी तिनेच नेलं. आबांना, म्हणजे वडिलांना, अक्षरओळख नव्हती. घरात वाचणारी मी एकटी.

मला सांभाळायचं म्हणून आक्काचं लग्न उशिरा झालं, एकविसाव्या वर्षी. वर्षभराने तिचा नवरा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये लागला. खोली मिळाली की नेतो म्हणाला आणि तिला आबांकडे सोडून गेला. सुरुवातीला दर महिन्याला त्याची चिठ्ठी यायची. ती मी वाचायची. आक्का हातातलं काम थांबवून ऐकायची आणि मग आमच्या बोलीत म्हणायची, "आते पुन्हा वाच, सावकाश."

मी आठवीत असताना एक चिठ्ठी आली तेव्हा आक्का शेतात निंदायला गेली होती. आबांनी ओट्यावर बसून ती माझ्याकडून वाचून घेतली. त्याने लिहिलं होतं की मी इथे दुसरं घर केलं आहे, तिला दिवस गेले आहेत. तुमच्या मुलीने माझी वाट पाहू नये. तिचा पाट कुठे लावून देता आला तर द्यावा, माझी हरकत नाही. पाट म्हणजे आमच्याकडे बाईचं दुसरं लग्न.

आबांनी चिठ्ठीची घडी करून ती मला परत दिली. मग म्हणाले, "तिले सांगू नको. मी सुरतले जाईसन येस. त्याले समजाडस."

संध्याकाळी आक्काला मी वाचून दाखवलं की मिलमध्ये काम फार आहे, खोलीचं जमत आलंय, दिवाळीला येतो. वाचताना माझी नजर कागदावरून हलली नाही. आबा सुरतेला जाऊन आले. आल्यावर त्यांनी हात-पाय धुतले, जेवले आणि त्या विषयावर मरेपर्यंत एक शब्द काढला नाही. चिठ्ठी त्यांनी चुलीत घातली.

इथपर्यंतचं आबांचं. पुढचं माझं आहे.

त्या थंडीत यावलहून एक माणूस आला. केळीची बाग होती, बायको बाळंतपणात गेलेली, दोन वर्षांची मुलगी. आमच्या मावशीने त्याला आक्काविषयी सांगितलं होतं. तो ओट्यावर बसून चहा प्यायला. बोलणं कमी. आक्का दाराआड उभी होती. तो गेल्यावर मावशी तिला म्हणाली, "अगं, तुझ्या नवऱ्याचा काही भरवसा नाही, दिवाळी पण गेली. हा माणूस चांगला आहे." आक्काने आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत ती मला रोज विचारायची, पोस्टमन आला होता का.

सातव्या दिवशी मामाचं कार्ड आलं. त्यात मामीच्या दुखण्याचं लिहिलं होतं. मी ते हातात घेतलं आणि आक्काला म्हटलं, "भाऊजींचं आहे." मग वाचून दाखवलं. आजारी होतो म्हणून दिवाळीला येणं झालं नाही, पण तुझी आठवण येते, थोडं थांब.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आबा घरात पण नव्हते. आक्का यावलला गेली तर भाकरी कोण करणार, शाळा माझीच सुटणार, हे चौदा वर्षांच्या मुलीला पक्कं कळत होतं. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की आक्का खूश होईल म्हणून वाचलं. ती खूश झालीही. यावलला तिने नकार कळवला.

पुढे मी शिकले, डी.एड. केलं, भुसावळला शाळेत लागले. आबा गेल्यावर आक्काला माझ्याकडे घेऊन आले. एका खोलीत दोघी राहायचो. आक्का चौतीस वर्षांची झाली होती आणि कपाळावरचं कुंकू एक दिवस चुकलं नव्हतं. मी तिच्यासमोर भाऊजींचं नाव काढायची नाही. ती पण काढायची नाही, फक्त सुरतेहून गाडी यायच्या वेळी कधी कधी दारात जाऊन उभी राहायची.

घरमालकांकडे टीव्ही होता. आक्का मालिका बघायला जायची आणि आली की मला तिची मतं ऐकवायची. हिंदी तिला अर्धंच कळायचं, म्हणून ती हात बघायची. "त्या सासूना हात दखा का तू? पीठ मळी राहिनी, पण त्या हातले पीठ माहीतच नही." रडणाऱ्या बायकांवर तिचा विश्वास नव्हता. खरं दुःख असलं की बाई आधी चूल विझवते, मग रडते, असं तिचं म्हणणं. घरमालकीणबाई तिला विचारूनच ठरवायच्या की अमुक मालिका बघावी की नाही.

आमच्या शाळेत इंग्रजीचे एक सर होते. गावातल्या चार हौशी लोकांनी मिळून एक मंडळ काढलं होतं, महिन्यातून एका रविवारी सकाळी परदेशी सिनेमा दाखवायचे. सरांनी दोन पास दिले. म्हणाले, "कोरियाचा आहे. खाली इंग्रजीत लिहून येतं. बहिणीलाही आणा."

हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं असतील. बायका आम्ही दोघीच. सिनेमा सुरू झाला आणि आक्का एकदम पुढे सरकून बसली. पडद्यावर एक खेडं होतं, घरांच्या धाब्यावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. बायका जमिनीवर बसून कोबीच्या पानांना मिरचीचं वाटण चोळत होत्या, अंगणात ओळीने मोठाले माठ. "हाई तर आपलंच गाव शे," आक्का म्हणाली. मागच्या माणसाने शुक् केलं. मग ती माझ्या कानाशी आली. "काय म्हणस ती?"

मी हळू आवाजात सांगत गेले. या बाईचा नवरा शहरात कामाला गेलाय. हा म्हातारा तिचा सासरा. ती त्याचं सगळं करते. आक्का मान डोलवत होती. "ही खरी शे," म्हणाली. "हिना हातले काम माहीत शे."

मग एक माणूस शहरातून निरोप घेऊन आला. बाई कोबी चोळत होती. तो उभ्यानेच बोलला आणि खाली अक्षरं उमटली, की तुझ्या नवऱ्याने तिकडे संसार मांडला आहे, तो येणार नाही.

आक्का म्हणाली, "काय सांगं त्यानी?"

मी म्हटलं, "नवरा आजारी आहे म्हणतो. बरा झाला की येईल."

पडद्यावर त्या बाईचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. एक एक पान उचलून ती वाटण चोळत राहिली, कोबी संपेपर्यंत. मग हात धुतले. जेवणाच्या वेळी फळीवरून तीन वाडगे काढले, एक सासऱ्यासमोर ठेवला, एक स्वतःसमोर. तिसरा थोडा वेळ हातात धरला आणि फळीवर पालथा घातला. रडली नाही. संगीत नाही, गाणं नाही. पुढचा सिनेमा मला आठवत नाही, कारण आक्काने मला पुन्हा एकदाही विचारलं नाही की ती काय म्हणते.

बाहेर ऊन कडक झालं होतं. सर दारात उभे होते. त्यांनी हौसेने आक्काला विचारलं, "कसा वाटला, ताई?" आक्का शुद्ध मराठीत म्हणाली, "चांगला होता. बाईने काम चांगलं केलं." आणि चालू लागली.

घरी येऊन तिने वांगी भाजायला ठेवली. मी कपडे बदलत होते. ती माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"तो नवरा आजारी नव्हता."

मी बदललेल्या साडीची घडी करू लागले.

"तिनी वाडगा पालथा घाला. आजारी माणूसना वाडगा कोणी पालथा घालस का? तू माले खोटं सांगं."

"आक्का, मला वाटलं तुला वाईट वाटेल."

तिने गॅस बंद केला. मग वळून माझ्याकडे पाहिलं. "मन्या सुरतन्या चिठ्ठ्या बी तू अश्याच वाच्यात का?"

दहा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते असं मला त्या क्षणी वाटलं. मी सुरतेच्या त्या चिठ्ठीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, ती चिठ्ठी आत्ता वाच. मी म्हटलं, आबांनी जाळली. "तुले पाठ असेल," ती म्हणाली. मला पाठ होती. मी उभ्याने म्हणून दाखवली, पाट लावून द्यावा इथपर्यंत. पुन्हा वाच सावकाश, असं या वेळी ती म्हणाली नाही.

"आणि ती दुसरी? आजारी व्हता ती?"

"ते मामाचं कार्ड होतं."

"आबांनी सांगं व्हतं?"

मी म्हणू शकले असते हो. आबा काही उठून येणार नव्हते. "नाही," म्हटलं. "मीच."

ती भिंतीला टेकून खाली बसली. तिने विचारलं नाही, का केलंस. ते तिला कळलं असणार. मला वाढवलं होतं तिने. मग म्हणाली, "मी चोवीसनी व्हतू." एवढंच. वांगी तशीच राहिली. जेवण त्या दिवशी दोघींचंही झालं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ती नेसून तयार होती. "यावलले जाऊ," म्हणाली. मी विचारलं नाही कशाला. एसटीने गेलो. बागेचा पत्ता स्टँडवर कुणीतरी सांगितला. तो माणूस घरीच होता, केस पिकलेले. त्याने आक्काला लगेच ओळखलं नाही. मी गावाचं नाव सांगितलं, आबांचं सांगितलं, तेव्हा त्याने खुर्ची पुढे केली आणि आत आवाज दिला. त्याची बायको चहा घेऊन आली, आपुलकीने बोलली, दोन मुलगे शाळेत आहेत म्हणाली. बारा वर्षांची एक मुलगी आतून डोकावून गेली. तीच ती, आईविना राहिलेली. आक्काने तिच्याकडे पाहिलं ते पाहतच राहिली.

बायको आत गेल्यावर आक्का त्याला म्हणाली, "तेव्हा आमच्याकडून निरोप चुकीचा गेला होता. तेवढं सांगायला आले."

तो जमिनीकडे बघत बसला. मग म्हणाला, "मी वर्षभर थांबलो होतो, ताई. तुमच्या मावशीला दोनदा विचारलं." निघताना त्याने केळ्याची मोठी फणी बांधून दिली आणि स्टँडपर्यंत सोडायला आला.

एसटीत आक्काने केळी मांडीवर घेतली होती. भुसावळ येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण तिचा हात हलला पण नाही. मी तसाच ठेवून बसले आणि शेवटी मलाच तो काढून घ्यावा लागला.

महिन्याभरात ती गावी परत गेली. भांडण नाही, अबोला नाही. म्हणाली, घर बंद राहिलं तर पडेल. गावात अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. त्याच सुमाराला साक्षरतेचे वर्ग निघाले, तिथे ती बसू लागली. दुसऱ्या वर्षी गेले तर घरात वर्तमानपत्र होतं आणि आक्का बोट ठेवून वाचत होती. मी म्हटलं, "दे, मी वाचून दाखवते." ती म्हणाली, "राहू दे. माले येस." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

माझं लग्न तिनेच ठरवलं. माझ्या बाळंतपणाला ती आली, सव्वा महिना राहिली, मुलीला तेल लावून न्हाऊ घातलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला विचारलं, "आक्का, तू मला माफ केलंस का?"

ती मुलीचे लंगोट घडी करत होती. "हाई पोरले मालिश जरा जास्त लागस," म्हणाली. "बाईले सांगी ठेव." आणि घड्या करत राहिली.

मुलगी चार वर्षांची असताना आक्का गेली. तापाचं निमित्त झालं. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होते. गावी पोचले तोवर बायकांनी तिला आंघोळ घालून ठेवलं होतं. शेजारीण म्हणाली, शेवटपर्यंत शुद्धीत होती, काही निरोप आहे का विचारलं तर नाही म्हणाली.

मी पुन्हा विचारलं, "काहीच नाही म्हणाली?"

"काहीच नाही," शेजारीण म्हणाली, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, ती खरं सांगते आहे का ते.