कापसाच्या काट्यावर तोललेला पाय

माणसाचा पाय तोलायची वेळ माझ्यावर येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण तोलला. तोही कापसाच्या काट्यावर. वेचणीवाल्या बायांच्या गाठोड्यांचं वजन करायला शेतात झाडाला टांगतात ना, तोच तबकडीचा काटा. आणि हे काम दुसऱ्या कुणी नाही, मीच केलं. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला साधीभोळी समजायला नको.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते. एकतीस वर्षं झाली. माझा पारा लवकर चढतो हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. आखलेल्या चुन्यावरून मोटरसायकल नेली म्हणून मी एका सरपंचाला मैदानाबाहेर काढलं होतं, आणि तो अजूनही मला लांबूनच नमस्कार करतो. मूळची मी राजूरची. वडील कोळशाच्या खाणीत होते. खाणीच्या वसाहतीत मैदान होतं, आणि वडिलांच्या पाळीतले एक काका खाणीच्या संघातून धावायचे. त्यांच्या मुलीचे जुने स्पाइक मला मिळाले, धावायचे खिळ्यांचे बूट. पुढे त्यावरच जिल्ह्यात पहिली आले, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली आणि आयुष्य मार्गी लागलं.

ती पोरगी माझ्याकडे आली तेव्हा अठराची होती. बोरी अरबची. शाळेत असताना वावरात ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरमध्ये डावा पाय गेला, गुडघ्याखालून. पुढे शहरातल्या एका संस्थेनं धावण्यासाठीचा पाय दिला, काळा, वाकडा, विळ्यासारखा. गावातल्या बाया त्याला इळाच म्हणायच्या, मग तीही म्हणू लागली. "मॅडम, आज इळा घासून राह्यला," असं सांगायची, दुसरं कुणी चप्पल चावते म्हणून सांगेल तसं.

दिव्यांगांच्या स्पर्धेत ती दोनदा धावली होती. आमच्या जिल्ह्यात तिच्या गटात तिच्यासारखी दुसरी कुणी नव्हतीच. एकटी धावली, एकटी पहिली आली, गळ्यात पदक पडलं. पदकं दाखवताना तिचा चेहरा असा, जसं कुणी तिची थट्टाच केली आहे.

"मले खुल्या गटात धावाचं हाये," ती म्हणाली.

"काहून? तिथं हरशील."

"हरीन नं. पण बाजूले कोणी तरी राहीन. माह्या गटात कोणाच्या मागं धावू मॅडम, कोणाच्या समोर धावू?"

मी तिला घ्यायचं ठरवलं ते या एका वाक्यावर. वर्षभर रोज सकाळी तिला पळवलं, रागावले, रडवलंसुद्धा. चारशे मीटर. मध्ये एकदा घरी चहाला आली तेव्हा भिंतीवरचा माझा फोटो बघत उभी राहिली. जिल्ह्याच्या स्पर्धेतला. मी मधल्या उंच पायरीवर, दोन बाजूंना दोघी. तिनं विचारलं, "ह्या दोघी उघड्या पायानं काहून?" मी चहा गाळत म्हटलं, "त्यांच्यापाशी स्पाइक नव्हते." ती म्हणाली, "अच्छा." मी बिस्किटं काढायला लागले, विषय संपला.

तालुक्याच्या खुल्या स्पर्धेतून पहिल्या दोघी जिल्ह्याच्या संघात जाणार होत्या. तालुक्याला पंच म्हणजे आम्हीच, खेळाचे शिक्षक, आणि पळण्याच्या शर्यतींची मुख्य पंच मी. स्वतःच्या खेळाडूच्या शर्यतीला पंच होणं मला खटकत होतं, पण दुसरं होतं कोण? स्पर्धेच्या सकाळी एका धावपटूचे वडील आले, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. माणूस वाईट नाही, उलट सरळ. शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा शौकीन, घरी पटाची बैलजोडी, आणि मुलगी खरंच चांगली पळणारी.

"मॅडम, राग नका धरू," ते म्हणाले. "पटावर आमी छकडा तोलून घेतो. छकडा हलका असला तं जोडी पुढं जाते, मंग वर्षभर दाणा चारला काय अन् रात जागून मालिश केली काय, सारं वाया. हिचा पाय पोटरीपेक्षा हलका हाये. तोलून पाहा. फरक निघाला तं तेवढं वजन बांधा अन् धावू द्या. माह्यी काई हरकत नाई."

माझं डोकं सटकलं. पोरगी आहे, बैल नाही, असं बरंच काही मी बोलले. पण ते शांतपणे म्हणाले, "बैलाले न्याय हाये तं पोरीले काहून नाई?" आणि भोवती जमलेल्या माणसांना ते पटलं. खरं सांगायचं तर थोडं मलाही पटलं. कारण शंका माझ्याही मनात होती. वर्षभर मी तिला घड्याळ लावून पाहत होते. सुरुवातीला ती मागे राहायची, वळणावर तर आतला पाय तोच, त्याला घोटा नाही, वळता वळत नव्हता. पण शेवटच्या शंभरात बाकीच्यांच्या पोटऱ्या दगड होतात तेव्हा तिच्या त्या पायात दगड व्हायला पोटरीच नव्हती. तिथे ती अंतर कापायची. हा फायदा की सुरुवातीच्या तोट्याची भरपाई? मोबाइलवर मी मोठमोठ्या स्पर्धांमधला हाच वाद पाहिला होता. तिथे डॉक्टर, यंत्रं, समित्या, आणि तरी एकाचं म्हणणं दुसऱ्याला पटत नाही. आमच्याकडे काटा होता.

तो भाऊंच्याच गाडीत होता, वेचणी सुरू होती ना. कडुनिंबाला टांगला. आधी इळा, गुडघ्याखालचा भाग बसतो त्या खोबणीसकट. मग पंचाईत झाली, कशाशी ताडायचा? पोरगी पुढे आली आणि म्हणाली, "माहाच उजवा पाय तोला." तिला टेबलावर आडवं केलं, उजवी पोटरी कापडाच्या झोळीत घेऊन काट्याला लोंबकळवली. "ढिला सोड," मी म्हणत होते आणि ती हसत होती, गुदगुल्या होतात म्हणून. सगळेच हसले, भाऊही. कापसाच्या गाठोड्याला इतकं ढोबळ वजन कुणी मान्य केलं नसतं. फरक निघाला साधारण दीड किलोचा.

लोखंडाची एक पट्टी आणि चार नट सापडले. ते इळ्याला खाली, टोकाजवळ, मी माझ्या हातानं चिकटपट्टीनं बांधले. एकतीस वर्षं मी मुलांना शिकवते की घोट्याला बांधलेलं वजन कमरेला बांधलेल्या वजनापेक्षा कितीतरी जड पडतं. सरावाला मी स्वतः बांधायला लावते. आणि त्या दिवशी मला ते आठवलं नाही. खोटं कशाला बोलू, आठवलं होतं. पण भांडण मिटत होतं, ती धावू शकणार होती, आणि मुख्य पंच पक्षपाती आहे असं कुणी म्हणायला नको होतं. मी माझं नाव राखलं.  पोरीनं एकदा पाय उचलून पाहिला आणि ती रेषेवर गेली.

ती तिसरी आली. आमच्या त्या भाऊंची मुलगी दुसरी. दोघींत एका हाताचंही अंतर नव्हतं. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये तिचं अंग एका बाजूला झुकत होतं आणि इळा जमिनीला घासत चुन्याच्या रेषा पुसत येत होता. मी कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, तिसरी.

नंतर निंबाखाली तिनं खोबणी काढली तेव्हा आतला मोजा कातडीला चिकटला होता. पाण्यानं भिजवून काढावा लागला. गुडघ्याखाली चार बोटं जागा सोलून निघाली होती. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते, म्हणून ओरडले, "सांगायचं नाही का? थांबायचं नाही का मधी?"

तिनं जखमेवर फुंकर घातली. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "मॅडम, त्या फोटोतल्या दिवशी तुमचे स्पाइक कोणी तोलले होते काय?"

 घरी गेले, भात लावला, कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. त्या फोटोत माझ्या उजवीकडे उभी असलेली मुलगी उमरखेडकडची होती, एवढंच मला आठवतं. काळ्या मातीच्या मैदानावर सकाळचं दव होतं, तिचा पाय वळणावर घसरला आणि माझा रुतला. नाव आठवत नाही. ती शेवटी किती मागे होती ते मात्र आठवतं, एका हाताचंही अंतर नव्हतं. एवढी वर्षं मी ते मेहनतीचं फळ म्हणून मुलांना सांगत आले. मेहनत होतीच. पण तिनंही केली असेल की. मला त्या रात्री स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

जखम भरायला दोन महिने लागले. त्यानंतर पोरगी पुन्हा मैदानावर आली. मला वाटलं होतं, येणार नाही.

यंदाच्या स्पर्धेच्या सकाळी भाऊ पुन्हा आले, काटा घेऊनच. भांडायला नाही, गेल्या वर्षी ठरलं तसं करायला. निंबाला काटा टांगला आणि म्हणाले, "आणा मॅडम, तोलून घेऊ."

"आधी हे तोला," मी म्हटलं, आणि पिशवीतून माझे ते स्पाइक काढले. ट्रंकेत होते. चामडं कडक झालेलं, खिळे गंजलेले. लेसांची गाठ मारून मी ते आकड्याला अडकवले.

मणाच्या गाठोड्यांचा काटा तो. सुई जागची हलली न हलली. भाऊंनी तबकडीवर टिचकी मारली, तरी नाही.

"काईच वजन नाई ह्याले," ते म्हणाले.

"नाही ना? माझी एकतीस वर्षांची नोकरी ह्याच्यावर उभी आहे," मी म्हटलं. "जिल्ह्याच्या शर्यतीत माझ्या बाजूला उघड्या पायाची पोरगी होती. सांगा, तेव्हा माझ्या पायाला किती बांधायला हवं होतं?"

 भाऊंनी आपल्या मुलीच्या पायांकडे पाहिलं, तिच्या पायात नवे कोरे स्पाइक होते, त्यांनीच आणलेले. माझे स्पाइक आकड्यावरून उतरवून त्यांनी माझ्या हातात दिले, काटा काढला आणि पोत्यात गुंडाळला. "मले अजूनबी वाटते का तिले फायदा हाये," ते म्हणाले.

"मलाही कधी कधी वाटतं," मी म्हटलं.

मुख्य पंचाचं काम मी यंदा दुसऱ्या शिक्षकाला दिलं होतं. मी नुसती दोरीपाशी उभी होते. तिसऱ्या लेनमध्ये इळा, त्यावर काहीच बांधलेलं नाही, आणि चौथ्यात भाऊंची मुलगी. शिट्टी व्हायच्या आधी पोरीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्ही बाजूला कुणीतरी होतं.