तिसरा महिना सरेपर्यंत चूप!

आखाडा बाळापूरच्या आमच्या दवाखान्यात मी नर्स. किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत न्हाई, सकाळी ओपीडी उघडली की तेच चपला काढून आत येतात! त्यातले निम्मे एकाच रीतीपायी. दिवस गेले तरी तीन महिने कुणाला सांगायचं न्हाई, दृष्ट लागते म्हणे!

* * *

एक बाई मळमळतंय म्हणून आली. विचारलं, "पाळी कधी आली होती?" बाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं मला बाजूला बोलावलं अन् हळूच म्हणाला, "सिस्टर, दिवस गेलेत. पण मी सांगितलं हे तिला सांगू नका!"

* * *

तपासणीच्या दिवशी एक आजी अंगभर पुरळ आलेला नातू कडेवर घेऊन थेट गरोदर बायांच्या रांगेत! मी ओरडले, "आजी, बाजूला व्हा!"

"देवी आलीय त्याला. पाहुणीला कोणी बाजूला हो म्हणतंय व्हय?"

पाहुणीसकट आजीला बाहेर लिंबाखाली बसवलं.

* * *

आमच्या डॉक्टर मॅडम तर समजावून समजावून थकल्या. "अहो, बाळाचे डोळे, कान, हृदय पहिल्या तीन महिन्यांतच घडतं. रुबेलासारखा पुरळ-ताप तेव्हाच सगळ्यात वाईट!"

एक म्हातारी म्हणाली, "म्हणूनच तर सांगत न्हाई. तापाला तरी काहून कळू द्यायचं?"

मॅडम पाणी प्यायल्या.

* * *

अन् या रीतीत सगळ्यात कडक आमच्या गोदामावशी. घरी शेळ्या-मेंढ्या, जीभ धारदार. सून रेखाला दिवस गेले तर मावशीनं पोटच्या लेकीलाही कळू दिलं न्हाई. ती लेक कळमनुरीहून तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन माहेरी आली. रेखा काय सांगून नाही म्हणणार? दिवसभर तिनंच ते कडेवर वागवलं.

दुसऱ्या दिवशी लेकराच्या अंगावर पुरळ. मॅडमनी बघितलं अन् म्हणाल्या, "रुबेला वाटतोय." रेखानं त्यांचा हात धरला. "मॅडम, माझ्या बाळाला दिसंल ना?"

रक्त हिंगोलीला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मावशी रोज बाकावर येऊन बसायची. मला एवढंच म्हणाली, "मीच तिला चूप बस म्हणले गं." मला फार वाईट वाटलं तिचं.

रिपोर्ट चांगला आला! शाळेत घेतलेल्या लसीनं रेखाला राखलं होतं, नवी लागण न्हाई. रेखा रडता रडता हसली. "मॅडम, लस टोचायच्या दिवशी मी शाळेच्या मागच्या भिंतीवरून पळाले होते. बाईंनी धरून आणलं!"

"त्या बाईला लुगडं नेसवते मी," मावशी म्हणाली.

पुढच्याच बाजाराला मावशी शेळ्यांच्या गर्दीत उभी राहिली अन् असं ओरडली, की सौदे थांबले. "ऐका रे! माझ्या सुनेला दुसरा महिना हाय! ज्याच्या लेकराला ताप-पुरळ असंल त्यानं आमच्या दाराकडं फिरकू नका!"

शेजारीण घाबरली. "अगं मावशी, दृष्ट लागंल ना!"

मावशी म्हणाली, "लागू दे. दृष्ट मला काढता येते!"