कोण कोणत्या डब्याचा

आमच्या हॉस्टेलला वायफायचे पाच डबे बसले, तेव्हा कोणता मुलगा कोणत्या डब्याला जोडायचा हे कॉम्प्युटर लॅबचे असिस्टंट ठरवत. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. भाऊंनी वाटणी हजेरीपटावरून केली. माझ्या खोलीच्या दारावरच एक डबा होता, पण माझा नंबर मेसच्या डब्यावर लागला. मग आम्ही चाळीस जण मेसच्या पायऱ्यांवर लॅपटॉप घेऊन बसायचो. ऑफिसातला सहावा डबा एकट्या प्रिन्सिपॉलसाहेबांचा होता. तो भाऊ रोज फडक्याने पुसत.

नोकरीसाठी एका कंपनीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. वर्ध्यात लोडशेडिंगमुळे नेट कॅफे बंद होते. कॉलेजात जनरेटर होता, पण आमच्या डब्यावर पानच उघडेना. मी लॅबमध्ये जाऊन भीतभीत म्हणालो, "भाऊ, आजच्या दिवस मले साहेबांच्या डब्यावर घ्या ना."

"काऊन बे, साहेब झाला का तू?"

"साहेब तं रजेवर आहेत."

"डबा थोडी रजेवर हाये." मग त्यांना माझी दया आली असावी. "थांब, तुह्या डब्यातले हजेरीपटावर खालचे वीस जण बंद करतो." आणि त्यांनी केलेही. मी त्यांचे दोनदा आभार मानले.

पायऱ्यांवर येऊन मी फॉर्म भरला. शेजारचा म्हणाला, "माहं नेटच गेलं. तुहं लागून राह्यलं का?"

मी लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, "माहंही नाई."