उभी गाडी, भरधाव कागद

दार आनंदरावांनी, म्हणजे गावाच्या आबांनी, उघडलं. शिक्रापूरला पानाची टपरी दिसली, तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. डावीकडं लेकीनं दौंडहून दिलेल्या पिशव्यांचा ढीग, म्हणून आबांनी उजवं दार उघडलं. “आबा, तिकडनं नगं!” असं ड्रायव्हर अकबर पुढून ओरडेपर्यंत मोटारसायकल दारावर आदळलीसुद्धा. कंपनीत पाळीला निघालेला शंभू रस्त्यावर पडला. पायाचा पार चुराडा.

अकबर आबांच्याच गावचा, पाबळचा. बावीस वर्षं दौंड स्टेशनवरनं सवाऱ्या आणायचा. इतका सावकाश, की वरातीतली माणसंसुद्धा त्याला पुढं जा म्हणायची. हॉर्नही माफी मागितल्यासारखा वाजवायचा. शंभूला त्यानंच दवाखान्यात नेलं आणि घरचे येईपर्यंत बाकावर बसून राहिला.

त्याची बायको अमीरबी म्हणाली, “आधी एखादा वकील गाठा. कागुद काय करायचा त्यो त्याला इचारून करा.”

आबा हसले. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. बांध, पाणी, सासू-सून, सगळं त्यांनी पारावर मिटवलेलं. “वकील तंटा वाढवाया असतो गं. मी हाय की!”

“तुम्ही हाय म्हणूनच म्हणते, आबा,” अमीरबी पुटपुटली आणि चहा ठेवायला आत गेली.

आबांनी वळणदार अक्षरात अकबर आणि शंभूच्या घरच्यांमधला समझोता लिहिला. त्यांच्याकडं अशा कागदाचा एक जुना नमुना होता. त्यातलं ‘भरधाव वेगात व निष्काळजीपणे’ त्यांना फार भारदस्त वाटायचं. उभी गाडी भरधाव कशी गेली, हा प्रश्न काही त्यांना पडला नाही. दाराचा उल्लेख मात्र त्यांनी आठवणीनं गाळला. अध्यक्षाचं नाव असल्या कागदात बरं दिसत नाही. अकबरनं न वाचता सही केली. आबांनी लिहिलेलं वाचून बघायचं, म्हणजे आबांवर संशय घेतल्यासारखं.

महिन्यानं शंभूचा पाय कापावा लागला. मग कसला समझोता! पोलीस केस झाली आणि तोच कागद शिरूरच्या कोर्टात पोचला. अकबरचं लायसन्स जमा झालं. गुन्हा शाबीत झाला तर कैद. गाडीवर धूळ चढली आणि सवाऱ्यांनी दुसरा ड्रायव्हर बघितला.

आठ महिन्यांनी अमीरबीनंच एक वकीलबाई शोधल्या. त्यांनी कागद वाचला आणि पहिलंच विचारलं, “गाडी तर उभी होती. मग हे भरधाव कुणी लिहिलं?” आठ महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. अकबरनं खाली मान घालूनच आबांचं नाव सांगितलं.

हे कानावर आल्यापासून आबांना जेवण जाईना. शंभूच्या पायजम्याचा रिकामा पाय डोळ्यांसमोरून हलेना. तारखेला ते एकटेच एसटीनं शिरूरला गेले. अकबर कोर्टाबाहेरच्या बाकावर बसला होता, पार वाळलेला. आबांना बघून तो एरवी पटकन उठायचा. आज उठला नाही.

आबा शेजारी टेकले. “अकबर, मी आत जाऊन खरं काय त्ये सांगतो. दार मी उघडलं, कागुद मी रचला. अध्यक्षपद गेलं तर जाऊ दे. सांगू ना? बोल की लेका काहीतरी.”

अकबर जरा बाजूला सरकला.

“आबा, तुमच्याशी बोलायचं न्हाई, असं वकीलबाईंनी सांगितलंय.”